कसोटीचा सहावा दिवस

कसोटी सामना पाच दिवसांचा असतो, अशी नियम लिहिणाऱ्यांची समजूत आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी पंच बेल्स उचलतात, दोन्ही संघ हात मिळवतात, हरलेला कर्णधार माइकसमोर ‘मुलांनी जीव तोडून प्रयत्न केले’ म्हणून मोकळा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी दादरच्या, डेक्कनच्या, सांगलीच्या नाहीतर नागपुरात धरमपेठेतल्या कट्ट्यावर सहावा दिवस सुरू होतो. या दिवशी उपाहाराची सुट्टी नसते, चहापान मात्र अखंड चालतं. अंधुक प्रकाशाने खेळ थांबत नाही, पावसाने तर नाहीच. फार तर मंडळी टपरीच्या पत्र्याखाली सरकतात. या दिवसाच्या खेळाडूचं वय वीसपासून ऐंशीपर्यंत काहीही असतं. तो बँकेत असेल, शाळेत असेल, औषधाच्या दुकानात असेल किंवा निवृत्त होऊन कुठेच नसेल. पायात साध्या चपला असतात, तरी भारताच्या अकरांतल्या किमान चौघांना बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. त्याच्यावर एक आरोप कायम होतो, आणि तो करणाऱ्यांत त्याच्या घरचीही माणसं असतात: हा गृहस्थ चंचल आहे, जिंकलं की खेळाडूला डोक्यावर घेतो आणि हरलं की त्यालाच पायदळी तुडवतो. हा आरोप साफ खोटा आहे. महाराष्ट्रात आमदार पक्ष बदलतात, बिल्डर प्लॅन बदलतात, डॉक्टर गोळ्या बदलतात. या गृहस्थाचं मत मात्र बदलत नाही. इतका स्थिर माणूस आज दुसरा दाखवता येणार नाही, आणि ते पुराव्याने सिद्ध करता येतं.

१४ जुलै २०२५ ची रात्र घ्या. लॉर्ड्सवर भारताला १९३ धावा हव्या होत्या आणि शेवटच्या दिवशी उपाहाराला फलकावर होते ८ बाद ११२. पुढे जे झालं ते साऱ्यांनी श्वास रोखून पाहिलं. जडेजाने आधी बुमराला, मग सिराजला घेऊन तासन्‌तास किल्ला लढवला. बुमराने ५४ चेंडू खेळून ५ धावा केल्या, सिराजने ३० चेंडूंत ४. शेवटी शोएब बशीरचा एक चेंडू सिराजने अगदी नीट बॅटवर घेतला. तो खाली पडला, मागे फिरला, घरंगळत लेग स्टंपला लागला आणि एक बेल पडली. भारत सर्वबाद १७०, जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१, हार २२ धावांनी. आता कट्ट्यावर या. जुलै असल्यामुळे प्रत्येकाच्या हातात छत्री आहे, म्हणजे बॅटची सोय झाली. टपरीची पायरी हे क्रीज, आणि पायरीवर ठेवलेला कटिंगचा रिकामा ग्लास हा लेग स्टंप. पहिला काका छत्री मिटून गुडघा वाकवतो, डोकं चेंडूवर आणतो आणि विचारतो, ‘बॉल इथे पडला ना? मग पाय कशाला दिलाय देवाने? लाथ मार की! आम्ही गल्लीत काय करायचो?’ लाथेचं प्रात्यक्षिक होतं, ग्लास गटारात जातो, टपरीवाला तो निमूटपणे हिशोबात धरतो. दुसऱ्याचं म्हणणं, सिराजला सोडा, जडेजाने बशीरला मारायला हवं होतं, एकेरी धावा कसल्या नाकारत बसला! तिसरा उसळून म्हणतो, अरे, वरच्या फळीने काय दिवे लावले ते बोला. एकटा उभा राहिला त्यालाच सुळावर देता? चौथा आतापर्यंत गप्प असतो. तो सगळ्यांना दोन दिवस मागे नेतो: तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या तोंडाशी राहुल ९८ वर होता, त्याला जेवायला जाण्याआधी शतक हवं होतं, त्याला स्ट्राइक देण्याच्या गडबडीत ७४ वर सुरेख खेळणारा पंत धावचीत झाला. ‘बावीस धावांनी हरलो ना? म्हणजे त्या जेवणाने हरलो.’ यावर क्षणभर शांतता पसरते, कारण हा मुद्दा बाकीच्यांच्या डोक्यात आला नव्हता.

चारही जण तडफेने बोलतात, आकडे बरोबर सांगतात, आणि कुणालाही वाटेल की हे सगळं त्यांनी तो सामना पाहून ठरवलं. इथेच फसगत होते. जडेजाने मारायला हवं होतं म्हणणारा गेली दहा वर्षं म्हणतोय की जडेजा हा फलंदाज नव्हेच. त्याची बाजू घेणारा त्याला पहिल्यापासून संघाचा कणा मानतो. राहुलवर जेवणाचं खापर फोडणाऱ्याचा राहुलवर राग आहे, तो राहुल सिडनीत पहिल्यांदा शतक झळकावून आला तेव्हापासून. लॉर्ड्सवर काहीही घडलं असतं तरी हे चौघे त्याच चार जागांवर उभे राहिले असते. समजा, जडेजाने बशीरला उचलून मारलं असतं आणि तो सीमारेषेवर झेलबाद झाला असता, तर पहिला पक्ष म्हणाला असता, ‘बघितलंत? धीरच नाही. सिंगल काढायच्या सोडून हिरोगिरी!’ म्हणजे सामना हा या मंडळींच्या मताचं कारण नसतो. मताला लागणारा ताजा दाखला असतो.

मग मत बनतं कधी? माझा अंदाज, साधारण बारा-तेराव्या वर्षी. ज्या वयात वहीच्या मागच्या पानावर भारताचा संघ लिहिला जातो, त्याच वयात ‘आपला’ खेळाडू आणि ‘तो दुसरा’ यांची वाटणी होऊन जाते. नंतर खेळाडू निवृत्त होतात; मग त्या जागेवर त्याच घराण्याचा नवा माणूस बसतो. द्रविडच्या पक्षात असलेला गृहस्थ पुढे पुजाराच्या पक्षात जातो, सेहवागवाला पंतकडे. एकदा वाटणी झाली की बाद होण्याचीही दोन वेगळी वर्णनं तयार असतात. आपला माणूस बाद होतो तो ‘अनप्लेएबल बॉल’वर, दुसरा विकेट फेकतो. आपला शून्यावर गेला तर त्याला सेट व्हायला वेळच मिळाला नाही, दुसरा शून्यावर गेला तर टेम्परामेंटच नाही. आपला शंभर चेंडूंत वीस करतो तेव्हा एक बाजू लावून धरतो. दुसऱ्याने तेच केलं की समोरच्यावर प्रेशर आणतो. पुजाराने जानेवारी २०२१ मध्ये गॅबावर शेवटच्या दिवशी २११ चेंडूंत ५६ केल्या, हेल्मेटवर, बरगडीवर, बोटांवर चेंडू झेलले. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर पहिल्यांदा हरला, ३२८ धावा झाल्या, आणि कट्ट्यावरच्या दोन्ही पक्षांचं समाधान झालं. एक म्हणाला, पुजाराने धरलं म्हणून पंतला नाबाद ८९ मारता आल्या. दुसरा म्हणाला, पुजाराने धरलं म्हणून पंतला नाबाद ८९ माराव्या लागल्या. दोघांच्या वाक्यांत फरक किती तो पाहा, आणि दोघांपैकी कोणाला तरी खोटं पाडून दाखवा.

खोटं पाडण्याची सर्वांत मोठी संधी चेन्नईने दिली होती. १९९९ च्या जानेवारीत चेपॉकवर पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग होता. सचिनने दुखऱ्या पाठीने १३६ केल्या, विजयाला १७ धावा राहिल्या असताना तो बाद झाला, उरलेले तीन गडी चार धावांत कोसळले आणि सामना १२ धावांनी गेला. त्या दिवशी ‘सचिन मॅच संपवत नाही’ हा पक्ष रीतसर स्थापन झाला. हा पक्ष महाराष्ट्रातही होता आणि आहे. उलट इथे तो जास्त कडवा असतो, कारण इथे त्याला अल्पसंख्याक म्हणून जगावं लागतं. जवळपास नऊ वर्षं आणि अकरा महिन्यांनी, डिसेंबर २००८ मध्ये, त्याच मैदानावर इंग्लंडने ३८७ चं लक्ष्य ठेवलं. मुंबईवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. सचिन नाबाद १०३, विजयाचा चौकार त्याचा, त्याच चौकाराने शतकही पूर्ण. चौथा डाव, तेच शहर, तीच परीक्षा, आणि या वेळी सामना संपवूनच तो बाहेर आला. न्यायाने पाहिलं तर पक्ष विसर्जित व्हायला हवा होता. झालं काय? पक्षाने एक मिनिट विचार केला आणि निवेदन दिलं: पाया सेहवागने घातला, ६८ चेंडूंत ८३. हेही खरंच आहे! आणि सचिनवाल्यांनी १९९९ साठी ठेवलेलं उत्तरही खरंच आहे, की तीन जणांना मिळून सतरा धावा करता आल्या नाहीत त्याचा हिशोब एकट्याकडे का मागता? कट्ट्यावरच्या वादाची खरी गंमत हीच. तिथे खोटं फारसं कुणी बोलत नाही. सगळे खरंच बोलतात आणि तरी तसूभर हलत नाहीत.

यावर जुनी माहिती ठेवणारा वाचक म्हणेल, हे सगळं ठीक, पण वाडेकरांचं काय? १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरात हरवून आलेला कर्णधार. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ त गुंडाळलं, मुंबईने संघाचं स्वागत केलं ते आजही सांगितलं जातं. आणि तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, लॉर्ड्सवर सर्वबाद ४२, मालिका ०-३, त्याबरोबर अजित वाडेकरांची आंतरराष्ट्रीय कारकीर्दही संपली. हा लोकांचा चंचलपणा नव्हे तर काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: हार घालणारे आणि शिव्या घालणारे हात तेच होते. आता हे आठवा की १९७१ चं कर्णधारपद वाडेकरांना सहजासहजी मिळालेलं नव्हतं. निवड समितीत मतं समान पडली, अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं आणि पतौडींचं कर्णधारपद गेलं. म्हणजे समितीच निम्मी-निम्मी होती, तर कट्ट्यांवर काय असेल! मग १९७१ च्या त्या मिरवणुकीत पतौडीवाल्यांचे हात कुठे होते? खिशात. तीन वर्षं ते खिशातच होते. १९७४ मध्ये ते बाहेर आले, इतकंच. गर्दी पालटली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक गर्दी घरी गेलेली असते आणि दुसरी बाहेर आलेली असते.

दुसरा दाखला ताजा आहे, आणि तो मला जास्त आवडतो, कारण त्यात चोवीस तासांचंच अंतर आहे. ३ ऑगस्ट २०२५, ओव्हल, रविवार. प्रसिधच्या चेंडूवर ब्रूकने मारलेला फटका सिराजने सीमेवर झेलला आणि झेल हातात असतानाच पाय दोरीवर ठेवला. बळीऐवजी षटकार. ब्रूक तेव्हा १९ वर होता. तो १११ करून गेला. सोमवारी सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी हातात होते. सिराजने त्यांतले तीन घेतले, शेवटी अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत सहा धावांनी जिंकला. रविवारी रात्री ‘सिराजला अक्कल नाही’ म्हणणारे सोमवारी त्याचा जयजयकार करत होते, हे तर डोळ्यांनी दिसलं? दिसलं, पण ऐकलं नाही. नीट ऐकलं असतं तर सोमवारचं वाक्य असं होतं: ‘मी काय म्हणत होतो? पोरात जिद्द आहे. अक्कल नाही, पण जिद्द आहे.’ रविवारचं मत शाबूत, त्यात फक्त एक खोली वाढवलेली. ‘मी काय म्हणत होतो’ हे या माणसाचं बोधवाक्य आहे, आणि ते तो विजयानंतर आणि पराभवानंतर सारख्याच अधिकाराने वापरतो.

हा वाद हरल्यावरच रंगतो, दुःख हलकं करण्याची ती एक रीत आहे, असाही एक कनवाळू तर्क लढवला जातो. मुलतानने तो निकालात काढला आहे. मार्च २००४. सेहवाग ३०९, पाकिस्तानात भारताचा एक डाव आणि ५२ धावांनी विजय. दुःख कसलं? आणि तरी त्या कसोटीचा सहावा दिवस वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, कारण सचिन १९४ वर नाबाद असताना प्रभारी कर्णधार द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. एक षटक दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं विचारणारा पक्ष आणि संघ मोठा की द्विशतक, असं विचारणारा पक्ष, दोघांचे केस पांढरे झाले. त्यांच्या मुलांनी हा खटला वारशाने चालवायला घेतला आहे. मुलतानचा सामना झाला तेव्हा ती मुलं जन्मलीही नव्हती. ज्या सामन्यात सगळं मनासारखं झालं त्यातूनही ज्याला भांडण काढता येतं, त्याला हरण्याजिंकण्याचा लोभी म्हणणं अन्याय आहे.

इतकी निष्ठा टिकते ती कसोटीमुळेच. दिवसाला ९० षटकं, पाच दिवसांची ४५०, म्हणजे २७०० चेंडू. एवढ्या मालातून कोणत्याही मताला पुरेल इतका पुरावा निघतो. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव धरून २४० चेंडू. त्यात एकाने धुतलं, दुसरा फसला, विषय संपला. आयपीएलचा वाद दुसऱ्या दिवशीच्या सामन्यापर्यंत शिळा होतो. उलट लीड्सची कसोटी बघा, जून २०२५ मधली. भारताची पाच शतकं: जैस्वाल, गिल, राहुल आणि पंतची दोन्ही डावांत. आणि तरी इंग्लंडने ३७१ धावा पाच गडी राखून केल्या. पाच शतकं ठोकून हरण्याचा असा प्रकार कसोटीत आधी झालाच नव्हता. एका कट्ट्याला वर्षभर पुरेल एवढा ऐवज आहे हा. पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत गेले, दुसऱ्यात सहा ३१ धावांत, म्हणून शेपूट दोषी. जैस्वालने झेल सोडले, त्यात डकेटचा ९७ वर, म्हणून जैस्वाल दोषी. हा मुंबईकडून खेळतो म्हणून दादरच्या कट्ट्यावर तो दोषी नाही, तिथे ड्यूक्सचा चेंडू हलतो आणि स्लिपमधून मागचं काही दिसत नाही. बुमराला दुसऱ्या टोकाकडून साथ नाही, म्हणून निवड समिती दोषी. आणि त्या मालिकेच्या शेवटी तर कट्ट्याला हिराच सापडला: पाचपैकी तीन कसोटी बुमरा खेळला, आणि भारताने ज्या दोन जिंकल्या त्या, एजबॅस्टन आणि ओव्हल, नेमक्या तो नसताना. ‘बघा, बुमरा नसला की जिंकतो!’ ऑस्ट्रेलियात आदल्याच मोसमात या माणसाने ३२ बळी घेतले, पर्थला कर्णधार म्हणून २९५ धावांनी कसोटी जिंकून दिली, हे सांगून बघा. उत्तर येतं, ‘आणि मालिका? ३-१ ने गेली ना?’ या ठिकाणी कट्ट्यावरचा आकडेवाला लागतो. प्रत्येक कट्ट्यावर एक असतो. तो स्वतःचं मत देत नाही, मोबाइलकडेही बघत नाही. कोणी आकडा चुकवला की चहाचा घोट गिळून हळूच म्हणतो, ‘त्र्याऐंशी नाही, ब्याऐंशी. आणि तो डाव कानपूरचा.’ दोन्ही पक्ष त्याला मान देतात आणि दोन्ही पक्ष त्याचा आकडा आपापल्या खिशात घालतात.

खरा जोरकस आक्षेप दुसराच आहे. ज्यांनी आयुष्यात टेनिस बॉलपलीकडे काही खेळलं नाही त्यांनी कोहलीला ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकवावं का? आधी एक दुरुस्ती. आपण लेदर बॉल खेळलो आहोत, असं प्रत्येक जण सांगतो. मुंबईत तो कांगा लीग म्हणतो. पावसाळ्यातली, ओल्या खेळपट्टीवरची ती स्पर्धा १९४८ पासून चालू आहे, तिचे ए पासून जी पर्यंत विभाग आहेत, आणि जी विभागात कोण किती धावा करून गेला हे तपासायला कोणी जात नाही. पण तो खोटं बोलतो असं धरलं तरी आक्षेप टिकत नाही. खेळल्याने मतभेद मिटत असते तर १९७१ च्या निवड समितीत मतं समान पडलीच नसती. तिथे बसलेले तर खेळून आलेले होते. आज समालोचनाच्या खोलीतही प्रत्येकाच्या नावावर कसोट्या आहेत, आणि जडेजाने मारायला हवं होतं का, यावर त्यांच्यातही एकमत झालं नाही. ते पैसे घेऊन असहमत होतात, कट्टेकरी चहाचे पैसे देऊन. यात जास्त निरपेक्ष कोण हे वाचकांनीच बघावं.

शिवीगाळीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. झेल सोडला म्हणून खेळाडूच्या आईबापापर्यंत, धर्मापर्यंत जाणारे लोक आहेत, आणि तेही स्वतःला चाहतेच म्हणवतात. पण त्यांना या सहाव्या दिवसाच्या माणसाच्या पंगतीला बसवणं चूक आहे. कट्ट्यावरच्या माणसाला चेहरा असतो, त्याला उद्या संध्याकाळी त्याच पायरीवर यायचं असतं, आणि त्याचं कालचं वाक्य लक्षात ठेवणारे तीन जण तिथे आधीच बसलेले असतात. तो खेळाडूच्या फूटवर्कबद्दल वाटेल ते बोलेल, घरच्यांबद्दल नाही. बोललाच तर आकडेवालासुद्धा मान वर करून बघतो. त्याचा राग लांब पल्ल्याचा असतो, आणि तो खेळाडूपेक्षा निवड समितीवर जास्त असतो. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्लीची कसोटी हरल्यावर बेजबाबदार फटक्यांबद्दल कपिल देव आणि संदीप पाटील दोघांना वगळलं गेलं. कपिल एका कसोटीनंतर परत आला. कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी आरडाओरडा केला होता. पाटील पुन्हा कसोटी खेळला नाही. ज्याने १९८२ मध्ये मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार ठोकले, त्याच्यासाठी कुणी फलक धरला नाही, ही सल शिवाजी पार्कच्या परिसरात चाळीस वर्षं सांभाळली गेली आहे. ज्यांनी ती सांभाळली त्यांनी ना पाटलांना पत्र लिहिलं, ना कपिलला शिवी दिली. संध्याकाळी विषय निघाला की ‘एकच न्याय का नाही?’ एवढं म्हणायचं आणि चहा सांगायचा.

त्याच्यात दोष आहेत. योगायोग नावाची गोष्ट त्याला मान्य नाही, हा मोठा. सिराजने नीट खेळलेला चेंडू मागे फिरून यष्टीला लागावा, नाणेफेक उलटी पडावी, ढग नको तेव्हा यावेत, यांपैकी कशालाही तो कारण मानत नाही. माणूस जबाबदार धरल्याशिवाय त्याला झोप येत नाही. योगायोग मान्य केला तर इतकी वर्षं जपलेल्या मताचं करायचं काय? दुसरा दोष मला अधिक खुपतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत इंग्लंडला ३४७ धावांनी चिरडलं, दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले, आणि पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. वानखेडेहून दादर लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं, पण त्या सामन्यांचा सहावा दिवस दादरला पोचल्याचं काही दिसलं नाही. स्मृती मानधना सांगलीची आहे हे कौतुकाने सांगणारा सांगलीचा काकाही तिचा फ्रंट फूट कुठे पडतो यावर भांडत नाही, आणि भांडत नाही तोवर त्याने तिला कसोटी खेळाडू मानलंय असं मी धरणार नाही. मंडळाने महिलांना पुरेशा कसोट्या द्याव्यात, मतं आपोआप तयार होतील आणि एकदा झाली की पन्नास वर्षं हलणार नाहीत.

तोवर एक सूचना. पुढच्या कसोटीनंतर अशा कट्ट्याजवळ थांबायची वेळ आली, तर ‘जाऊ द्या हो, शेवटी खेळ आहे’ असं म्हणू नका. त्याने दोन्ही पक्ष एक होतात आणि तुमच्यावर घसरतात. कोण बरोबर हे सांगायच्या भानगडीतही पडू नका, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. बोलायचंच असेल तर मुलतानला एक षटक जास्त द्यायला काय हरकत होती, एवढं विचारा, आणि जेवायला थांबू नका असा घरी आधी फोन करून ठेवा.